मशीन बरोबर होतं, दादा

दादा,

आज सोमवार. सकाळी लॅब उघडली, मशीन चालू केलं आणि पडद्यावर नेहमीची पाटी आली: आठवड्याची तपासणी बाकी आहे, नमुना व्यक्तीस बसवा. त्याखाली तुझं नाव. तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले. गावात कळलं, खाणीवर कळलं, हातखंब्याच्या तुझ्या चहावाल्यालाही कळलं, पण या दीड हाताच्या खोक्याला कुणी कळवलेलं नाही. त्याच्या लेखी तू लांज्याहून निघालेला आहेस आणि साडेनऊला इथे येऊन खुर्चीत बसणार आहेस.

संध्या, माझी मदतनीस, हळूच म्हणाली की मॅडम, नाव बदलू का. मी तिच्यावर उगाच खेकसले. ती बिचारी बाहेर जाऊन पेशंटची नावं लिहीत बसली आणि मी दार लावून हे लिहायला घेतलं. दुपारी वहिनी येणार आहे. तुझे हॉस्पिटलचे कागद माझ्याकडे राहिलेत, ते न्यायला. ती आली की तिला मला एक गोष्ट सांगायची आहे. ती आधी तुला सांगायला हवी होती. नऊ दिवस तू माझ्यासमोर पलंगावर होतास आणि माझी छाती झाली नाही.

मी काय काम करते हे आपल्या घरात तुझ्याशिवाय कुणाला धड कळलं नाही. आई शेजारणींना सांगायची, आमची धाकटी रत्नांग्रीला लोकांना फुंकायला लावते, त्याचा तिला पगार मिळतो. तिचं काही चुकत नव्हतं. श्वास आत कसा जातो, बाहेर कसा येतो, त्याला किती जोर लागतो आणि तो जोर कुठे वाया जातो, एवढाच माझा विषय. मुंबईत सहा वर्षं मी ताठर झालेल्या फुफ्फुसांवर संशोधन केलं. तू एकदा तिथे आला होतास, ओल्या काजूगरांची पिशवी घेऊन. टेबलावर आमचं खोटं फुफ्फुस होतं, रबराची पिशवी आणि तिला दाबणारी स्प्रिंग. माझे गाईड समोर उभे असताना तू त्या स्प्रिंगला बोट लावलंस आणि म्हणालास की ही एका बाजूला कलली आहे. मी लाजेने अर्धी झाले. कलली होती. तू पकड मागून घेतलीस आणि ती सरळ केलीस, आणि माझे दोन महिन्यांचे वेडेवाकडे आकडे त्या संध्याकाळी ताळ्यावर आले.

पुढे मी इथे आले, हॉस्पिटलात ही लॅब सुरू झाली, तेव्हा बाहेरच्या बाकावरच्या पेशंटना माझा विषय तूच समजावायचास. मी कागदावर नळ्या काढून दाखवायचे, त्यांना काही कळायचं नाही. तू सांगायचास, तुझा पाइप बारीक झालाय की पिशवी कडक झालीय, येवढंच आमची बाय बघते. पाइप बारीक असेल तर हवा आत जाते पण बाहेर पडता पडत नाही. मग ओठांचा चंबू करून सावकाश सोडायची, म्हणजे बारीक नळ्या मिटत नाहीत. पिशवी कडक असेल तर तिला मोठा श्वास झेपत नाही; थोडा थोडा द्यावा लागतो, यंत्राने दिला तरी थोडाच. जास्त रेटलं की फाटते. हे एवढं कळायला मला सहा वर्षं लागली आणि तू ते बाकावर बसून चहा थंड व्हायच्या आत सांगून मोकळा व्हायचास. मला रागही यायचा थोडा.

आता मशीनचं. रोज सकाळी आम्ही तीन लिटरच्या मोठ्या पिचकारीने मशीनमध्ये हवा ढकलतो. मशीनने तीन म्हटलं की ते बरोबर. पण पिचकारी काही माणूस नाही. म्हणून आठवड्यातून एकदा एका निरोगी माणसाला फुंकायला बसवायचं. त्याचा आकडा आम्हाला ठाऊक असतो. तो हलला, की माणूस तोच असल्यामुळे मशीन बिघडलं असं धरायचं. हा माणूस बिडी-सिगारेट न ओढणारा हवा, आणि धुळीत काम करणारा तर नकोच नको. मी स्वतः बसू शकत नव्हते, मला लहानपणापासून दमा. संध्याला सतत सर्दी. आणि तू दर सोमवारी चिरे कापायच्या मशीनची पाती, पट्टे घ्यायला रत्नागिरीत यायचासच.

तू चिरेखाणीवर मेकॅनिक होतास. वीस वर्षं जांभ्याची लाल धूळ तुझ्या भुवयांवर बसलेली मी बघत होते. म्हणजे नियम मला ठाऊक होता आणि मी तो मोडला. का मोडला ते आज लिहिते. माझ्या मते तुझ्याइतका धडधाकट माणूस जगात दुसरा नव्हता. मला दम्याचा झटका आला की तू मला पाठुंगळीला घेऊन अख्खा कातळ तुडवत डॉक्टरांकडे न्यायचास. माझी छाती तुझ्या पाठीला टेकलेली. तुझा श्वास लांब, माझा तोकडा. तू चालता चालता म्हणायचास की बाय, माझ्याबरोबर घे, माझ्याबरोबर सोड. मी घ्यायचे. त्या मुलीला पुढे कितीही पदव्या मिळाल्या तरी तिचा नमुना माणूस ठरलेला होता. शिवाय त्या निमित्ताने सोमवारी तुझं तोंड दिसायचं, हा स्वार्थही होताच.

पहिल्यांदा तू बसलास तेव्हा संध्या नेहमीप्रमाणे ओरडली, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका. तू नाकावर लावलेला चिमटा उतरवून तिला म्हणालास की एवढ्या जोरात आमच्या मुकादमानेही कधी हाकललं नाय. मग मला विचारलंस, काय म्हणतंय? मी म्हटलं, मशीन बरोबर आहे. पुढे दर सोमवारी तू तेच विचारायचास आणि मी तेच उत्तर द्यायचे. तुझा आकडा तुला सांगायचं मला कधी सुचलंच नाही. तू पेशंट थोडाच होतास.

मग अडीच वर्षांपूर्वी, थंडी संपता संपता, तुझा आकडा उतरला. फार नाही, थोडा. पुढच्या सोमवारी तेवढाच. त्या सकाळी पिचकारीने बरोबर तीन दाखवलेले होते. विचार करणाऱ्या कुणालाही कळलं असतं. मी ठरवलं की पिचकारीच गळते आहे आणि ती खोटं तीन दाखवते आहे. ती मी तुझ्याच हातात दिली, बघ म्हटलं जरा. तू लॅबच्या पायरीवर बसून ती उघडलीस, आतली रबरी कडी बोटावर फिरवून बघितलीस, तिच्या तोंडाला हात लावून दट्ट्या ओढलास, सोडलास. मग म्हणालास:

"बाय, हिच्यात काय गळत नाय. पिचकारी बरी हाय."

मी म्हटलं, मग आकडा का उतरतो? तू माझ्याकडे बघितलंस. आज मला ते बघणं आठवतं आणि त्याचा अर्थ लावून लावून मी थकले. तू म्हणालास, "मानूस पन बदलतो कधी कधी."

आणि मी काय म्हटलं ते तुला आठवत असेलच. मी म्हटलं, तू तुझी दगडाची मशीनं बघ, हे माझं क्षेत्र आहे. तू पिचकारी जोडलीस, फडक्याने पुसलीस आणि माझ्या टेबलावर ठेवून गेलास. पुढच्या महिन्यात मी नवी पिचकारी मागवली. नंतर मशीनचा सेन्सर बदलला. नवा सेन्सर बसवला की नमुना माणसाचा नवा आकडा पाया म्हणून धरायचा, अशी आमची रीत. तो मी धरला. म्हणजे तुझं जे कमी झालं होतं तेच तुझं पूर्ण ठरलं. पुन्हा काही महिन्यांनी उतरलं, पुन्हा मशीन दुरुस्तीला गेलं, पुन्हा नवा पाया. सगळं माझ्या अक्षरात वहीत लिहिलेलं आहे. पोरांचं वाढतं माप आपण दाराच्या चौकटीवर खुणा करून घेतो. मी तुझं उतरतं माप घेत होते आणि दर खेपेला चौकट खाली सरकवत होते.

आपली भांडणं झाली ती खाणीवरून. खाण सोड असं मी म्हणत होते, हे तरी माझ्या बाजूने लिहू दे. मास्क मीच आणून दिले. तू ते सगळ्या कामगारांना वाटलेस आणि स्वतः पंचा गुंडाळून उभा राहिलास, कारण उन्हाळ्यात त्या मास्कमध्ये जीव घुसमटतो आणि मशीनच्या आवाजात माणसांना हाका मारता येत नाहीत. मी चिडले की तू शांतपणे म्हणायचास, तुझंच मशीन मला नमुना म्हणतं ना, मग धुळीने काय होतंय मला? खाणीवरची माणसंही तेच बोलायची. एका खोकणाऱ्या कामगाराला तपासायला ये म्हटलं तर तो मला म्हणाला होता की दादा वीस वर्षं धूळ खातो आणि बाईच्या मशीनला त्याच्यावरून अक्कल शिकवतात, मग आम्हाला काय होणार. तेव्हा मला हसू आलं होतं. त्याला मी पुन्हा बोलावलं नाही.

गेल्या शिमग्याला पालखी आपल्या खळ्यात आली. तू दरवर्षी खांदा द्यायचास आणि नाचवायला लागलास की पोरं मागे हटायची. यंदा एक फेरी मारून तू खांदा दुसऱ्याला दिलास आणि तुळशीपाशी जाऊन उभा राहिलास, हात गुडघ्यांवर. मी पाच पावलांवर होते. श्वास मोजणं हा माझा धंदा आहे. मी म्हटलं, वय झालं रे तुझं, आणि तू हसलास.

आषाढात ताप आला, खोकला हटेना, तेव्हा वहिनीने तुला ओढून आणलं. छातीच्या डॉक्टरांनी स्कॅन काढला आणि मला आत बोलावून दाखवला. दोन्हीकडे वण. ते म्हणाले, हे आजचं नाही, बरंच जुनं आहे, यांच्या आधीच्या तपासण्या काही आहेत का? दादा, महाराष्ट्रात खाणीवरच्या कुठल्या माणसाच्या इतक्या तपासण्या झाल्या असतील? अडीच वर्षांच्या वर, दर सोमवार. मी लॅबमध्ये गेले, वही काढली आणि मधले सगळे नवे पाये पुसून तुझे आकडे एकाखाली एक मांडले. पहिल्यांदा उतरला त्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ते सरळ उतरत आले होते. मशीन एकदाही चुकलं नव्हतं. ज्या दिवशी मी पहिल्यांदा पिचकारीवर खापर फोडलं त्या दिवशीही नाही.

मग ते नऊ दिवस. नाकातोंडावर मास्क, मास्कमधून हवा देणारं यंत्र. दाब किती ठेवायचा, श्वास किती द्यायचा हे ठरवताना डॉक्टरांनी मला विचारलं, कारण हेच तर मी शिकून आले होते. कडक पिशवीला थोडं थोडं. ज्या पेशंटना मी कधी बघितलं नाही अशांसाठी मी मुंबईत जे शिकले ते मी तुझ्यावर वापरलं आणि ते अगदी बरोबर होतं, आणि त्याने तुला नऊ दिवस मिळाले. दहावा मिळाला नाही. घशात नळी घालून उपयोग नाही यावर डॉक्टरांचं आणि माझं एकमत झालं. ते एकमत करताना मी बहीण नव्हते. कॉरिडॉरमध्ये येऊन झाले.

त्या दिवसांत तू मास्क बाजूला करून दोन-दोन शब्द बोलायचास. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला चंबू करून श्वास सोडायला शिकव, असं मला सांगितलंस. खाणीवरच्या नव्या पट्ट्याचं माप सांगितलंस. एकदा यंत्राकडे बोट करून विचारलंस, हे तुझंच ना? मी म्हटलं, माझ्यासारख्यांचंच. तू मान हलवलीस, समाधानाने. आणि मी रोज ठरवून यायचे की आज सांगायचं: दादा, मला दिसत होतं आणि मी बघितलं नाही. रोज तुझा हात हातात घ्यायचे आणि ऑक्सिजनच्या गप्पा मारायचे. सातव्या दिवशी तू माझ्या गालावर हात ठेवलास तेव्हा तर मी तोंड उघडलंच होतं. नर्स आली. खरं सांगायचं तर नर्स आली नसती तरी मी बोलले नसते.

डॉक्टर म्हणतात, असे वण एकदा पडले की जात नाहीत, धूळ सोडली तरी वाढत राहतात कधी कधी. तेच डॉक्टर दुसऱ्या पेशंटला म्हणतात, लवकर लक्षात आलं हे नशीब, आता खाण सोडा. दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी पहिलं धरून झोपते आणि दुसऱ्याने जागी होते.

इथवर लिहिलं होतं आणि वहिनी आली.

मी कागद तिच्या हातात दिले नाहीत. आधी वही उघडली. तिला वाचता येतं पण ही वही वाचता येणार नव्हती, म्हणून मी बोट ठेवून ठेवून सांगितलं. इथे उतरला, इथे मी पिचकारी बदलली, इथे सेन्सर. शेवटी ती म्हणाली, "किती वर्सं, वन्सं?" मी म्हटलं, अडीच.

तिने पदराचा काठ बोटांनी सरळ केला. मग जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. तू दोन वर्षं रविवारी खाणीवर जात नव्हतास. मला वाटायचं सुट्टी घेतोस. तू दिवसभर पडून राहायचास, आल्याचा काढा दोनदा घ्यायचास, कुणाशी फार बोलायचा नाहीस. वहिनीने विचारलं तर म्हणायचास की उद्या फुंकायचं आहे, बायचं मशीन बिघडता नये. तुला कळलेलं होतं का रे? की खरंच वाटत होतं की तुझा दम कमी पडला तर माझं मशीन खराब ठरेल आणि मला बोलणी बसतील? हे मला आता कुणीही सांगणार नाही. वहिनीलाही माहीत नाही, मी विचारलं.

ती रडली नाही आणि तिने माझी समजूतही घातली नाही. एवढंच म्हणाली:

"त्यांना इचारायचं होतंत, वन्सं. तुमी मशीनला इचारत बसलात."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हाताने थांबवलं. कागद पिशवीत घातले, उठली, दारापर्यंत गेली. तिथे तिला खोकला आला. कोरडा, लहानसा. तेराव्याच्या गर्दीत तो मी ऐकला होता आणि रडण्याचा समजले होते. वहिनी परत फिरली. तुझे कपडे वीस वर्षं तिने धुतले, आपटले की आधी लाल धूळ उडायची आणि मग लाल पाणी जायचं, हे तिने मला असं सांगितलं जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट आहे. मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, मला बसवा.

संध्याने चिमटा लावला. आज ती ओरडली नाही, नुसतं हळू म्हणत राहिली, सोडा, सोडा, अजून थोडं. वहिनीने तीनदा फुंकलं. तिन्ही वेळा आकडा जवळजवळ तोच आला. असायला हवा त्याच्यापेक्षा कमी. फार नाही, थोडा. सकाळी पिचकारीने बरोबर तीन दाखवले होते, आणि तरी, दादा, तुझी शपथ, माझं मन पहिल्यांदा सेन्सरकडेच गेलं.

मग मी म्हटलं, "वहिनी, आकडा कमी आहे. थोडा कमी आहे, पण कमी आहे."

तिने नाकाचा चिमटा काढून संध्याच्या हातात दिला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बरं. मग आता काय करायचं ता सांगा."

मी सांगितलं असतं तर तूही एवढंच म्हणाला असतास.